बाळ अंगावर ओढत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका

ज्या घरात दीड महिन्याच्या आतलं बाळ आहे, किंवा येत्या काही दिवसांत ज्या घरी बाळंतपण आहे, त्या घरातल्या प्रत्येकाला हे आवाहन आहे. आईला आहेच, पण त्याहून जास्त आजीला, आजोबांना, बाळाच्या बाबांना आणि मामाला आहे. बाळाचं काहीतरी बिनसलंय हे आईला बहुतेक वेळा सगळ्यांच्या आधी कळतं. दवाखान्यात न्यायचं की नाही, हे मात्र घरात दुसरंच कुणीतरी ठरवतं.

सांगायचं ते एवढंच: काल नीट पिणारं बाळ आज अंगावर ओढत नसेल, तर त्याला त्याच घटकेला दवाखान्यात न्या. रात्र असली तरी न्या. अमावस्या असली, सव्वा महिना झाला नसला, घरात पुरुष माणूस नसला, तरी न्या. आणि हे नीट लक्षात ठेवा: ताप नसला तरी न्या.

"ताप नाही ना, मग काही नाही," या समजुतीने आजवर फार बाळं गेली आहेत. मोठ्या माणसाच्या अंगात जंतू शिरले की त्याला हुडहुडी भरते, अंग तापतं, तो कण्हतो. आठ-दहा दिवसांच्या बाळाची ताकद तिथवर पोचत नाही. रक्तात जंतुसंसर्ग झाला, ज्याला डॉक्टर सेप्सिस म्हणतात, तर अशा बाळाचं अंग तापण्याऐवजी गारही पडू शकतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळात तर हे जास्तच दिसतं. आईच्या रक्तातून बाळाकडे जाणारं संरक्षण मुख्यतः शेवटच्या महिन्यांत जातं. जे बाळ लवकर आलं, त्याची शिदोरी अर्धवटच राहिली. त्याची कातडी पातळ, अंगात चरबी नाही, रडायलाही जोर नाही. ते गप्प होतं, आणि घरातले म्हणतात, "आज किती शहाण्यासारखं निजलंय!"

म्हणून बाळाकडे कसं पाहायचं ते सांगतो. पाजायला घेतल्यावर ते तोंड लावतं का, ओढतं का, की दोन घोट घेऊन सोडून देतं? तळपायाला टिचकी मारल्यावर पाय जोरात आखडून घेतं, की नुसतंच हलवल्यासारखं करतं? उचलल्यावर हातपाय लुळे लोंबतात का? रडणं बारीक, कण्हल्यासारखं झालंय का? निजलेलं असताना त्याच्या पोटाकडे पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. घड्याळ लावून मोजा, अंदाजाने नको. ६० किंवा त्याहून जास्त भरले, तर थोडं थांबून पुन्हा मोजा. पुन्हा तेवढेच भरले, तर निघा. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, म्हणजे आपल्याकडे 'पोट उडतंय' किंवा 'डबा झालाय' म्हणतात तसं असेल, तर मोजत बसायचीही गरज नाही. काखेत थर्मामीटर लावला आणि पारा ९९.५ फॅरनहाइटच्या वर किंवा ९६ च्या खाली असेल, तर दोन्ही सारखेच धोक्याचे. थर्मामीटर नसेल तर हाताच्या मागच्या बाजूने बाळाचं पोट आणि तळवे चाचपून पाहा. पोटही गार लागलं, तर बाळ संकटात आहे. झटका आला, बेंबीभोवतीची कातडी लाल होऊन सुजली किंवा तिथून पू आला, पोट फुगून टणक झालं, हिरवी उलटी झाली, तळहात-तळपाय पिवळे पडले, अंगावर पुवाच्या पुटकुळ्या उठल्या, यातलं एक जरी दिसलं तरी पुरे. सगळी लक्षणं जमायची वाट पाहू नका. ती जमतात तेव्हा उशीर झालेला असतो.

हा आजार दिवसांच्या हिशोबाने चालत नाही, तासांच्या चालतो. दुपारी दूध सोडलेलं बाळ संध्याकाळी आलं तर आम्हा डॉक्टरांच्या हातात पुष्कळ काही असतं. तेच बाळ दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला येतं, तेव्हा कधी शीर सापडत नाही, कधी रक्तदाब लागत नाही. मधल्या वेळात घरात काय झालेलं असतं, ते साधारण ठरलेलं आहे. मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढलेली असते. पोट दुखत असेल म्हणून ओवा-हिंगाचा लेप लावलेला असतो. मेडिकलमधून कुठल्यातरी थेंबांची बाटली आणलेली असते. आणि पहिलटकरीण माहेरी असेल तर आणखी एक गोष्ट: "जावईबापूंना विचारल्याशिवाय कसं न्यायचं? उद्या काही झालं तर सासरचे बोल लावतील." फोन लागत नाही, लागतो तेव्हा पलीकडे सासूबाईंना विचारायचं असतं. जावयांना आणि त्यांच्या घरच्यांना माझी हात जोडून विनंती आहे. बायकोला बाळंतपणाला माहेरी पोचवताना एवढं वाक्य बोलून या: "बाळाचं काही वाटलं तर आम्हाला विचारत बसू नका, थेट दवाखान्यात न्या." या एका वाक्यातून जो वेळ वाचेल, तो कुठल्याही औषधाने भरून येत नाही.

मेळघाटात आजारी तान्ह्या बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याने चटके देण्याची प्रथा अजून गेलेली नाही. २०२५ च्या सुरुवातीला अवघ्या बावीस दिवसांच्या बाळाला असे चटके दिल्याची बातमी आपण सगळ्यांनी वाचली. वाचून हळहळलो आणि पान उलटलं. शहरातल्या माणसाने या प्रकाराला अडाणीपणा म्हणून मोकळं होऊ नये. श्वास लागलेल्या बाळाला अंगारा लावून रात्रभर घरात ठेवणं आणि चटके देणं, दोन्हींमध्ये बाळाचा जायचा तो वेळ जातोच. शिवाय भाजलेली कातडी म्हणजे जंतूंना आणखी एक उघडं दार.

हे सगळं टाळता येतं, हे महाराष्ट्राने जगाला दाखवून दिलं आहे, म्हणून तर एवढ्या कळकळीने लिहितो आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत काम उभं केलं. गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळ जन्मलं की त्या घरी जायच्या, वजन करायच्या, श्वास मोजायच्या, ऊब कशी द्यायची ते आईला दाखवायच्या. जंतुसंसर्गाची खूण दिसली आणि घरचे दवाखान्यात न्यायला तयार नसले, तर आईवडिलांच्या संमतीने जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि सोबत तोंडाने द्यायचं औषध घरीच द्यायच्या. त्याआधी तिथली स्थिती काय होती? पाहणीत निम्म्याहून जास्त बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती, आणि डॉक्टरने पाहिलेली बाळं शंभरात तीनसुद्धा नव्हती. या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. सेप्सिस झालेल्या बाळांपैकी आधी शेकडा १६.६ बाळं दगावत होती. आरोग्यदूतांनी उपचार सुरू केल्यावर हे प्रमाण शेकडा २.८ वर आलं. नवजात बाळांचे एकूण मृत्यू तिसऱ्या वर्षी, शेजारच्या तुलनेच्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले. हे घडलं तेव्हा तिथे ना काचेची पेटी होती, ना व्हेंटिलेटर. होती ती वेळेवर पाहणारी नजर आणि वेळेवर दिलेलं औषध.

त्याच कामाच्या पायावर २०११ पासून देशभर आशाताईंच्या गृहभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाने घरी यायचं असतं. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्याच दिवशीची आणखी एक भेट. तुमच्याकडे आशाताई आल्या तर त्यांना उंबऱ्यावरून परत पाठवू नका. "बाळ निजलंय, नंतर या," असं म्हणू नका. बाळ त्यांच्या हातात द्या, कपडे काढून बघू द्या, श्वास मोजू द्या. आणि त्या आल्या नाहीत, तर हक्काने फोन करून बोलवा. आशाताईंनाही सांगणं आहे: तुमच्या फॉर्मवरची खूण बाळ उघडून पाहिल्यानंतरच व्हावी. तुमच्या पदरात कामांचा केवढा ढीग टाकलेला आहे आणि त्या मानाने मोबदला किती तुटपुंजा आहे, हे ठाऊक असूनच ही विनंती करतो आहे.

घरातल्या काही रीतींबद्दल बोलणं भाग आहे. त्यामागची माया मी नाकारत नाही. बाळगुटीचं घ्या. मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ सहाणेवर उगाळून चाटवतात. ती सहाण कुठल्या पाण्याने धुतली, कशाने पुसली, उगाळणाऱ्या बोटांना काय लागलं होतं? पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय बाळाच्या तोंडात काहीही जायला नको: गुटी नको, मध नको, साखरेचं पाणी नको, गाईचं दूध नको. (डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध तेवढं वेगळं.) आणि ज्या दुधात सगळ्यात जास्त संरक्षण असतं तो पहिला पिवळसर चीक अजूनही काही घरांत पिळून टाकतात. बाळ जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलं पाहिजे. दवाखान्यातल्या पहिल्या तासातल्या फोटोंच्या आणि पेढ्यांच्या गडबडीत ही गोष्ट राहून जाते.

बेंबीला हळद, तेल, राख, पावडर काही लावू नका. नाळ कोरडी आणि उघडी राहू द्या, ती आपोआप सुकून पडते. नाकात, कानात तेल घालू नका. नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं. बाळाची छाती फुगलेली दिसली म्हणून दूध काढायला ती पिळू नका. पहिल्या दिवसांत तशी सूज मुलग्यातही दिसते आणि आपोआप जाते, पिळल्याने मात्र तिथे गळू होतं. धुरीने ऊब मिळते असं वाटतं, पण तो धूर बाळाच्या छातीत जातो. खरी ऊब हवी असेल तर आईच्या उघड्या छातीवर बाळ उभं ठेवा, डोक्याला टोपरं घाला आणि वरून पांघरूण घ्या. यालाच कांगारू मातृसेवा म्हणतात. कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबरच असं छातीशी ठेवलं तर मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटतात, हे भारतासह पाच देशांतल्या अभ्यासात दिसलं. त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. बाबांनी ठेवलं तरी चालतं, आजीने ठेवलं तरी चालतं.

आणि हात. बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुवायचे, बांगड्या-अंगठ्यांच्या खालपर्यंत धुवायचे, हा नियम घरात आल्यागेल्या प्रत्येकाला लागू करा. बारशाला पन्नास माणसं येतात आणि बाळ पन्नास हातांतून फिरतं. कुणी सर्दी-खोकल्याचं असतं, कुणी आत्ताच मोबाइल खाली ठेवलेला असतो. पाहुण्याला "हात धुऊन या" म्हणायला संकोच वाटतो हे खरं. पाहुणा रागावला तर रागावू दे.

आता दवाखान्यांकडे वळतो, कारण सगळा दोष घरांवर टाकणं अन्यायाचं होईल. महाराष्ट्रात आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यातच होतात, आणि जंतुसंसर्गाचा मोठा वाटा तिथेच लागतो. दिल्लीतल्या तीन मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या नवजात कक्षांत झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या सेप्सिसच्या बाळांपैकी जवळपास दोन तृतीयांश बाळांना संसर्ग जन्मल्यापासून पहिल्या ७२ तासांतच झालेला होता. रक्ताच्या तपासणीत सापडलेल्या अॅसिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला या जंतूंवर नेहमीची अनेक औषधं चालेनाशी झाली होती. रक्तात जंतू सापडलेल्या बाळांपैकी जवळपास निम्मी दगावली. हे आकडे वाचून ज्याची झोप उडणार नाही, त्याने नवजात कक्ष चालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून रुग्णालय चालवणाऱ्यांना सांगणं आहे. प्रसूतिगृहात वाहतं पाणी आणि साबण आधी, रंगरंगोटी नंतर. एका पेटीत दोन बाळं ठेवू नका. एका परिचारिकेच्या अंगावर एवढी बाळं टाकू नका, की दोन बाळांच्या मध्ये हात धुवायलाही तिला उसंत मिळणार नाही. प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर पाठवा. रिपोर्ट स्वच्छ आला आणि बाळ छान असलं, तर औषध थांबवण्याचं धैर्य दाखवा. आईला दाराबाहेर बसवून ठेवू नका. हात धुतलेली आई हा संसर्गाचा धोका नव्हे, ती उपचाराचा भाग आहे.

नातेवाइकांनाही इथे दोन शब्द. "डॉक्टर, पॉवरफुल इंजेक्शन द्या," असा आग्रह धरू नका. आज विनाकारण वापरलेलं जबर औषध उद्या गरजेच्या वेळी निकामी ठरतं. आणि बाळ दूध प्यायला लागलं, रडायला लागलं की "आता बरंय, घेऊन जातो" म्हणून सही करून नेऊ नका. रक्तातल्या जंतुसंसर्गाचा उपचार साधारणपणे सात ते चौदा दिवस चालतो. तो मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला असेल तर तीन आठवडे. अर्धवट सोडलेल्या उपचारानंतर पुन्हा आलेलं बाळ पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेत येतं.

पैशाची भीती हे उशिराचं मोठं कारण आहे, म्हणून हे मोठ्याने सांगायला हवं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचा उपचार, औषधं, तपासण्या आणि येण्याजाण्याचं वाहन हे सगळं मोफत आहे. हा तुमचा हक्क आहे, कुणाचे उपकार नव्हेत. १०८ किंवा १०२ ला फोन करा. जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांसाठी वेगळा अतिदक्षता कक्ष असतो. तो लांब असेल तर आधी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा आणि पुढे पाठवण्याआधी प्रतिजैविकाचा पहिला डोस तिथेच द्यायला सांगा. वाटेत बाळ आईच्या छातीशी असू द्या. ते पीत असेल तर पाजत राहा, पीत नसेल तर जबरदस्तीने काही ओतू नका.

दिवाळीच्या आसपास बीड, अहिल्यानगर, जालन्याकडची हजारो कुटुंबं ऊसतोडीला निघतात. त्यांत सातव्या-आठव्या महिन्यातल्या बायका असतात. फडावर, प्लास्टिकच्या कागदाच्या कोपीत, ऐन थंडीत बाळंतपणं होतात. गावची आशा मागे राहते आणि कारखान्याच्या भागातल्या आशाच्या यादीत या बाईचं नाव नसतं. नवजात बाळासाठी संसर्गाच्या दृष्टीने याहून वाईट परिस्थिती क्वचितच असेल. मुकादमांनो, आपल्या टोळीत कोण गरोदर आहे याची यादी पोचल्या दिवशीच जवळच्या आरोग्य केंद्रात द्या. कारखान्यांनी ती मागून घ्यावी. कोपीवर बाळ जन्मलं तर त्या बाईचा दिवसाचा खाडा कापू नका. गाडी द्या आणि दवाखान्यात पाठवा. तिचा कार्ड-कागद दुसऱ्या जिल्ह्यातला आहे म्हणून आरोग्य केंद्राने तिला परत पाठवायचं नाही.

गरोदर बाईनेही एवढं पाहावं: दिवस भरण्याआधी पाणी गेलं, पाणी जाऊन बारा-अठरा तास झाले तरी बाळंतपण झालं नाही, पाण्याला घाण वास आला, कळांच्या वेळी ताप आला किंवा लघवीला जळजळ असली, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता त्यांना स्वतःहून सांगावं. अशा बाळावर पहिल्या तासापासून डोळा ठेवावा लागतो.

एकेकाळी विळ्याने नाळ कापलेली बाळं आठव्या-दहाव्या दिवशी धनुर्वाताने जात आणि घरचे सटवाईच्या नावाने बोटं मोडत. गरोदरपणातली लस, नवं ब्लेड आणि दवाखान्यातलं बाळंतपण, एवढ्यावर ते थांबलं. भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी ११ बाळं तरीही पहिल्या २८ दिवसांत जात होती. देशात हाच आकडा २० होता. कमी दिवसांचा जन्म, जन्मताना गुदमरणं आणि जंतुसंसर्ग ही त्यामागची तीन मोठी कारणं. त्यातलं तिसरं कारण घराच्या हातात बरंचसं आहे.

आज रात्री जेवताना घरात बोलून घ्या. मध्यरात्री बाळाने दूध सोडलं तर फोन कोण करणार, गाडी कुणाची, कुठल्या दवाखान्यात जायचं, कार्ड आणि डिस्चार्जचा कागद कुठे ठेवलाय, घरातल्या मोठ्या मुलाजवळ कोण थांबणार. १०८ हा आकडा पाळण्याजवळच्या भिंतीवर मोठा लिहून ठेवा. आणि शेजारी ज्या घरात बाळंतीण आहे, तिथे जाऊन हे वाचून दाखवा, आजीलाही ऐकू जाईल असं.